पिच म्हणजे नेमकी कोणती? एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ आणि ते ओळखण्याची रीत

बोल्टचे आटे, सायकलची चेन, छपराचा उतार, गाण्याचा सूर, क्रिकेटची खेळपट्टी, ड्रोनचा पंखा आणि दुर्बिणीचा आरसा घासताना वापरतात तो काळा चिकट गोळा, या सगळ्यांसाठी इंग्रजीत एकच शब्द आहे: पिच. मराठीतही तो आपण जसाच्या तसा वापरतो. घोटाळा सुरू होतो तो एका कामातली पिच दुसऱ्या कामात नेली की. हा लेख नवशिक्यांसाठी आहे. आधी कोणती पिच हे कसे ओळखायचे ते पाहू, मग ती मोजायची कशी आणि चुकते कुठे ते.

आधी एकक बघा

शब्दकोश उघडण्याआधी पिच या शब्दाच्या आजूबाजूला कोणते एकक आहे ते शोधा. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागते.

मिलिमीटर किंवा इंच असेल तर पिच म्हणजे अंतर. एकसारख्या गोष्टी ओळीने मांडलेल्या असतात (आटे, दात, पिना, दिवे) आणि त्यातल्या एकीच्या मध्यापासून शेजारणीच्या मध्यापर्यंतचे ते अंतर असते. अंश, टक्के किंवा ४:१२ असे गुणोत्तर असेल तर पिच म्हणजे कल किंवा उतार. हर्ट्झ, सेंट, सेमीटोन असेल तर सूर. एककच नसेल, तर ती बहुधा जागा असते, नाहीतर चेंडूची फेक, नाहीतर कुणापुढे तरी केलेली प्रस्तावाची मांडणी. आणि वाक्यात वितळवणे, ओतणे, चोपडणे अशी क्रियापदे असतील तर तो डांबराच्या जातीचा पदार्थ आहे.

हा शेवटचा अर्थ मुळात वेगळाच शब्द आहे. त्याचे मूळ लॅटिनमधल्या पिक्स या शब्दात आहे. बाकीचे अर्थ जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदावरून फुटलेले आहेत, ज्याचा अर्थ होता खुपसणे, ठोकून रोवणे. आपण तंबू ठोकतो, तेही तंबू पिच करतात. क्रिकेटमध्ये स्टंप जिथे रोवतात ती जागा पिच झाली. रोवण्याच्या जोरातून फेकणे हा अर्थ आला. हे एकदा ध्यानात आले की निम्मे अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

आट्यांची पिच

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

बोल्टचे नाव एम ८ × १.२५ असे लिहिलेले असते तेव्हा एम म्हणजे मेट्रिक, ८ हा मिलिमीटरमधला बाहेरचा व्यास आणि १.२५ ही पिच, म्हणजे एका आट्याच्या माथ्यापासून पुढच्या आट्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर. नेहमीच्या जाड आट्यांच्या पिच अशा: एम ६ ला १.०, एम ८ ला १.२५, एम १० ला १.५, एम १२ ला १.७५, एम १६ ला २.०, एम २० ला २.५. बोल्टच्या नावात नुसते एम १० असेल आणि पुढे काही नसेल, तर जाड आटे समजायचे. बारीक आट्यांमध्ये पिच लिहावीच लागते, कारण एकाच व्यासाला दोन-तीन पर्याय असतात. एम १० मध्ये १.२५ही मिळते आणि १.०ही.

इंचातल्या आट्यांची पिच सरळ लिहीत नाहीत. तिथे एका इंचात किती आटे बसतात तो आकडा देतात. पिच हवी असेल तर २५.४ ला त्या आकड्याने भागायचे. २० आटे असतील तर १.२७ मिलिमीटर, १८ असतील तर १.४११. इथे उलटे चालते हे विसरू नका: मिलिमीटरमध्ये आकडा मोठा तर आटे जाड, इंचाच्या पद्धतीत आकडा मोठा तर आटे बारीक.

अनोळखी बोल्ट हातात आला तर असे करा.

१. ताठ ब्रशने आटे साफ करा. तळाशी साचलेली घाण आणि जुना रंग यांमुळे पिच गेज (वेगवेगळ्या पिचच्या दातेरी पात्यांचे मापक) नीट बसत नाही.

२. व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या. तो नावातल्या आकड्यापेक्षा किंचित कमीच येतो. एम ८ चा बोल्ट ७.८ ते ७.९ दाखवतो. याच ठिकाणी फसगत होते, कारण ५/१६ इंचाचा बोल्टही जवळजवळ तेवढाच भरतो. व्यासावरून हे दोन वेगळे करता येत नाहीत. पिचच मोजावी लागते.

३. दहा आट्यांचे अंतर मोजा आणि दहाने भागा. पहिल्या माथ्याला ‘शून्य’ म्हणायचे, ‘एक’ नाही. त्याला एक म्हटले तर दहाव्या माथ्यापर्यंत नऊच अंतरे होतात. एम ८ वर मग १२.५ ऐवजी ११.२५ मिलिमीटर मिळतात आणि पिच १.१२५ निघते, जी एम ८ च्या नेहमीच्या पिचांत नाहीच. तक्त्यात न बसणारा आकडा आला की आधी आपली मोजणी तपासा. बरोबर मोजले तर एम ८ ला १२.५ आणि ५/१६ इंचाच्या १८ आटेवाल्याला १४.१ येतात, फरक साध्या पट्टीवरही दिसतो.

४. पिच गेजचे पाते आट्यांवर बसवून उजेडासमोर धरा. पात्याच्या दातांतून कुठूनही उजेड दिसता कामा नये. एक पाते जवळजवळ बसते पण टोकाकडे उजेड येतो, अशा वेळी ते पाते चुकीचे असते. पिच जुळूनही आट्याच्या दोन्ही बाजूंनी फट दिसली तर कोन वेगळा आहे. मेट्रिक आणि अमेरिकी आट्यांचा कोन ६० अंश असतो, जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा आणि बीएसपी (ब्रिटिश मानक) पाइप आट्यांचा ५५.

५. शेवटी माहीत असलेला नट बोटांनी लावा. पाना वापरायचा नाही. नट शेवटपर्यंत सहज गेला तरच जोडी खरी.

पाचवी पायरी टाळू नये, त्याचे कारण असे. पिचमध्ये थोडाच फरक असेल तर नट पहिले दोन-तीन आटे व्यवस्थित चढतो. एम ८ आणि ५/१६ इंच यांच्या पिचमध्ये प्रत्येक आट्याला ०.१६ मिलिमीटरचा फरक आहे, तो आट्यागणिक साचत जातो आणि नट अडतो. नवशिका त्याला गंज समजून पाना लावतो, आणि आटे कातले जातात. याहून वाईट म्हणजे एम १० च्या नटात ३/८ इंचाचा बोल्ट. पिच १.५ आणि १.५९, व्यास थोडा लहान. बोल्ट आत जातो, घट्टही वाटतो, पण पकड मोजक्याच आट्यांवर असते. भार आला की तो सुटतो.

पाइपच्या आट्यांतही असेच एक जोडपे आहे. अर्ध्या इंचाच्या बीएसपी आणि एनपीटी (अमेरिकी पाइप आटे) या दोन्ही जातींत इंचाला १४ च आटे असतात. पिच मोजून पाहणारा फसतो, कारण फरक कोनात आहे. सुरुवातीला दोन्ही एकमेकांत बसतात आणि मग गळत राहतात.

पिचचा आणखी एक उपयोग भोक पाडताना होतो. टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) मारण्याआधी ड्रिल कितीचे घ्यायचे? व्यासातून पिच वजा करा. एम ६ ला ५ मिलिमीटर, एम १० ला ८.५, एम ८ ला ६.७५ (व्यवहारात ६.८). बारीक आट्याचा एम ८ × १ हवा असेल तर ७.० चे ड्रिल. पिच न बघता तिथेही ६.८ चेच भोक पाडले तर टॅप जड जातो, आणि तुटलेला टॅप भोकातून काढणे हे अख्ख्या कामापेक्षा मोठे काम होऊन बसते.

पिच आणि लीड

स्क्रूला एक फेरा दिला की तो किती पुढे सरकतो? आट्याची सुरुवात एकाच जागी असेल तर बरोबर एक पिच. पण काही स्क्रूंवर दोन किंवा चार आटे शेजारी-शेजारी गुंडाळलेले असतात. स्क्रूच्या टोकाकडे समोरून पाहा: आटे जितक्या जागी सुरू होतात, तितक्या सुरुवाती. एका फेऱ्यात सरकणाऱ्या अंतराला लीड म्हणतात आणि ते पिच गुणिले सुरुवाती इतके असते.

थ्रीडी प्रिंटरमध्ये ८ मिलिमीटर व्यासाचा जो लीड स्क्रू सर्रास मिळतो त्याची पिच २ असते, सुरुवाती ४, म्हणून लीड ८. टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या स्टेपर मोटरचे एका फेऱ्यात २०० टप्पे आणि प्रत्येकाचे १६ भाग धरले, तर ३२०० ला ८ ने भागून मिलिमीटरला ४०० टप्पे येतात. आट्यांमधले अंतर मोजून २ ने भागले की १६०० येतात, आणि प्रिंटरचा अक्ष सांगितल्याच्या चौपट सरकतो. कोणताही अक्ष नेमका दुप्पट किंवा चौपट चालला तर पहिला संशय इथे घ्यावा. त्याच प्रिंटरच्या पट्ट्याचे गणित वेगळे: दातांची पिच २ आणि पुलीला २० दात, म्हणजे फेऱ्याला ४० मिलिमीटर, आणि टप्पे ८०.

चेन आणि गिअर

सायकलच्या चेनची पिच अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत. मोटरसायकलच्या चेनवर ४२८, ५२० असे आकडे असतात. त्यातला पहिला अंक इंचाच्या आठव्या भागात पिच सांगतो: ४२८ ची ४/८ इंच, ५२० ची ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. उरलेले दोन अंक रुंदीचे. चेन बदलताना पहिला अंक जुळलाच पाहिजे.

‘चेन ताणली’ असे आपण म्हणतो, पण पट्ट्या काही लांब होत नाहीत. पिना आणि त्यांच्या भोवतीच्या कड्या झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते आणि पिच वाढते. मोजायला सोपे आहे: सायकलच्या चेनच्या २४ पिच, पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत. नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर. अर्धा टक्का झीज म्हणजे ३०६.३ आणि पाऊण टक्का म्हणजे ३०७.१. पाऊण टक्क्यापर्यंत थांबण्यापेक्षा त्याआधीच चेन बदलावी. वाढलेल्या पिचची चेन चक्राच्या दातांवर वर चढून बसते आणि दातही आपल्यासारखे झिजवते. मग नवी चेन टाकली तरी ती जुन्या दातांवरून उड्या मारते, आणि चेनबरोबर चक्रही बदलावे लागते.

गिअरमध्ये पिच ही पिच वर्तुळावर, म्हणजे दातांच्या साधारण मध्यातून जाणाऱ्या कल्पित वर्तुळावर, मोजतात, पण मेट्रिक गिअर मॉड्यूलने ओळखले जातात. मॉड्यूल म्हणजे पिच वर्तुळाचा व्यास भागिले दात. २० दात आणि मॉड्यूल २ असेल तर पिच वर्तुळ ४० मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास ४४. व्हर्नियरने बाहेरचा व्यासच मोजता येतो, म्हणून त्याला दात अधिक २ ने भागा: ४४ भागिले २२, उत्तर २. इंचाच्या गिअरवर डायमेट्रल पिच हा शब्द दिसतो. तो अंतर नाही, पिच वर्तुळाच्या व्यासाच्या दर इंचामागे किती दात ते सांगतो, २५.४ ला त्याने भागले की मॉड्यूल मिळतो.

पिना आणि दिवे

इलेक्ट्रॉनिक्समध्ये पिनांची जुनी, ठरलेली पिच ०.१ इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर. ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता जोडण्या करायच्या पाटीची) भोके त्याच मापाची. ‘अडीच मिलिमीटर’ असे बोलून सोडून देतात आणि तिथेच चूक शिरते. ४० पिनांच्या आयसीला एका बाजूला २० पिना, म्हणजे १९ अंतरे. प्रत्येकात ०.०४ चा फरक, शेवटच्या पिनेपर्यंत ०.७६ मिलिमीटर होतो आणि ती भोकात जात नाही. काही कनेक्टर खरोखरच २.५ चे असतात. दोन-तीन पिनांचे असतील तर २.५४ च्या भोकांत बसून जातात, दहा पिनांचे नाही.

एलईडी पडद्यांवर पी १०, पी २.५ असे लिहितात, ती दोन दिव्यांमधली मिलिमीटरमधली पिच. पी १० म्हणजे मीटरभर रुंदीत १०० ठिपके. अंदाज असा बांधतात की पिच जितके मिलिमीटर, निदान तितके मीटर लांबून पाहावे. त्याहून जवळ गेले की अक्षरांऐवजी ठिपके दिसू लागतात.

पंखा, विमान, छप्पर

ड्रोनच्या पंख्यावर १० × ४.५ असेल तर पहिला आकडा इंचातला व्यास, दुसरा पिच. पंखा लोण्यात फिरणाऱ्या स्क्रूसारखा न घसरता पुढे गेला, तर एका फेऱ्यात ४.५ इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर जाईल. मिनिटाला ६००० फेरे धरले तर सेकंदाला साधारण ११.४ मीटर. हवेत घसर असतेच, त्यामुळे हा आकडा प्रत्यक्ष वेग म्हणून घेऊ नका. पिच वाढवली की मोटरवरचा भार वाढतो. जास्त पिचचा पंखा लहान मोटरवर लावल्यास ती तापते.

विमानाच्या संदर्भात तोच शब्द अंशांत येतो आणि अर्थ बदलतो: नाक वर किंवा खाली होणे. पंख डावी-उजवीकडे कलले तर रोल, नाक आडवे वळले तर यॉ. ड्रोनच्या एकाच माहितीपत्रकात पंख्याची पिच इंचात आणि ड्रोनची पिच अंशांत असू शकते, म्हणून एकक बघण्याची सवय.

छपराची पिच म्हणजे उतार. ४:१२ चा अर्थ आडवे १२ गेल्यावर उभे ४ चढणे. हा कोन १८.४ अंशांचा. ६:१२ ला २६.६ आणि १२:१२ ला ४५ अंश. मोजताना पाणलेव्हल आडवी धरा, एक टोक छपरावर टेकवा, पाण्याचा बुडबुडा मधोमध आणा आणि दुसऱ्या टोकापासून छपरापर्यंत सरळ खाली अंतर घ्या. लेव्हल १०० सेंटिमीटरची असेल आणि खाली ३३ आले, तर उतार ३३ टक्के. टक्के आणि अंश यांची गल्लत फार होते: ३० टक्के म्हणजे १६.७ अंशच, तर ३० अंश म्हणजे ५७.७ टक्के. जुन्या पुस्तकांत उभी चढ भागिले छपराची पूर्ण रुंदी यालाही पिच म्हटले आहे. तिथली ‘पाव पिच’ म्हणजे आजची ६:१२. ३:१२ समजून सांगाडा उभा केला तर छप्पर निम्म्याच उंचीचे होईल.

सूर

आवाजाची पिच म्हणजे तो किती उंच किंवा खाली आहे. तो किती मोठा आहे याच्याशी तिचा संबंध नाही. कंपने सेकंदाला किती, त्यावर ती ठरते. वाद्ये जुळवायचा आंतरराष्ट्रीय मानक सूर ४४० हर्ट्झचा. कंपने दुप्पट झाली की सप्तक बदलते: २२०, ४४०, ८८०. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की एक सेमीटोन, म्हणजे सुमारे ५.९ टक्के वाढ. ४४० च्या लगेच वरचा सूर ४६६.१६ चा. सेमीटोनचे शंभर भाग म्हणजे सेंट. ट्यूनरचा काटा सेंट दाखवतो, हर्ट्झ नाही, हे ध्यानात ठेवून वाचा.

मराठीत भाषांतर करताना इथे खरी अडचण येते. ‘पट्टी’ हा शब्द सुंदर आहे, पण पट्टी म्हणजे गाणाऱ्याने षड्ज जिथे धरला ते ठिकाण. एकेका सुराच्या पिचला पट्टी म्हणू नये. ‘पट्टी काळी दोन’ हे बरोबर, ‘या सुराची पट्टी उतरली’ हे चूक. तिथे ‘सूर उतरला’ म्हणायचे. सूर उतरणे आणि चढणे हे शब्द आपल्याकडे तयारच आहेत, ते वापरावेत.

ध्वनिमुद्रण नुसते दीडपट वेगाने वाजवले तर कंपनेही दीडपट होतात आणि आवाज सुमारे सात सेमीटोन चढतो, म्हणून बोलणारा लहान मुलासारखा ऐकू येतो. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि पिच वेगळे ठेवण्याचा पर्याय असतो. नुसता वेग वाढवायचा असेल तर तो चालू आहे ना, हे आधी बघा.

मैदान आणि मांडणी

क्रिकेटची पिच २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद. पण ब्रिटिश इंग्रजीत फुटबॉलचे अख्खे मैदान म्हणजे पिच, त्यामुळे ‘प्रेक्षक पिचवर धावले’ या बातमीत आधी खेळ कोणता ते पाहून मग खेळपट्टी की मैदान ते ठरवा. बेसबॉलमध्ये पिच ही जागा नाहीच, ती फेक आहे. आणि क्रिकेटमध्ये चेंडू पिच झाला म्हणजे त्याने टप्पा खाल्ला. पायचीतच्या निर्णयात ‘लेगच्या बाहेर पिच’ असे ऐकले तर चेंडूचा टप्पा लेग स्टंपच्या रेषेबाहेर पडला, आणि फलंदाज पायचीत होऊ शकत नाही.

कुणापुढे कल्पना मांडून होकार मिळवणे, यालाही पिच म्हणतात. लिफ्टमध्ये भेट झाली तर जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात, म्हणजे अर्ध्या ते एका मिनिटात, सांगून होणारी ती एलिव्हेटर पिच. तीत अडचण कोणाची, तुमचा उपाय काय आणि समोरच्याकडून काय हवे, एवढे तिन्ही आले पाहिजे. बहुतेक जण तिसरे सांगायचे विसरतात.

काळा पदार्थ

लाकडी जहाजांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला पिच वापरत. थंड असताना हातोडीने मारली तर ती काचेसारखी फुटते, पण असते ती द्रवच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली थॉमस पार्नेल यांनी नरसाळ्यात पिच भरून प्रयोग सुरू केला. २०१४ पर्यंत तिचे नऊ थेंब पडले. ही संथ वाहण्याची खोड दुर्बिणीचा आरसा घासणाऱ्यांच्या कामी येते. पिचची गादी आरशाच्या वक्रतेशी हळूहळू जुळत जाते, म्हणून चकाकी आणताना काचेचा आकार बिघडत नाही. पिच फार कडक असेल तर काचेवर ओरखडे येतात, फार मऊ असेल तर गादीच्या खाचा भरून जातात.

ती कधीही उघड्या जाळावर वितळवू नका; तिच्या वाफा पेट घेतात. जाड बुडाच्या भांड्यात, ज्योत नसलेल्या मंद उष्णतेवर, हवेशीर जागी वितळवावी आणि भांड्याचे झाकण हाताशी ठेवावे, म्हणजे पेट घेतल्यास लगेच दडपता येते. कोळशाच्या डांबरापासून काढलेली पिच कर्करोगकारक आहे. आरशाच्या कामाला झाडाच्या राळेपासून केलेली मिळते, तीच घ्यावी, आणि विकत घेताना डब्यावर कोणती आहे ते वाचून घ्यावे.

इंग्रजीत गडद अंधाराला ‘पिच डार्क’ म्हणतात ते याच पिचवरून. तिथे पिच शब्द मराठीत आणायची गरजच नाही; ‘काळाकुट्ट’ लिहावे. ‘फिव्हर पिच’ मात्र सुराच्या बाजूचा आहे, त्याला ‘शिगेला पोहोचणे’. आणि ‘पिच इन’ म्हणजे कामाला हातभार लावणे.